सॅवॉय बॉलरूम पाडला ते चूकच होतं

लाकडी_फरशी:
न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतला सॅवॉय हा नाचाचा हॉल १९५८ ला बंद झाला, पुढच्या वर्षी पाडला, तिथे रहिवासी इमारती आल्या. मला हे आजही पटत नाही. १२ मार्च १९२६ ला उघडल्यापासून तिथे काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे, आणि त्याच लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या कॉटन क्लब या नाइटक्लबात स्टेजवर काळे कलाकार आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक असा कारभार होता! सॅवॉयमधे शेजारी शेजारी दोन स्टेज, एक बँड थांबला की दुसरा लगेच उचलायचा, म्हणजे पायांना उसंतच नाही. ११ मे १९३७ ला सॅवॉयचा ड्रमर चिक वेब याच्या बँडने क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडला चढाओढीत हरवलं तेही इथेच, आत हजारो आणि बाहेर रस्त्यावर त्याहून जास्त माणसं.

दोन_खोल्या:
सगळं मान्य, पण दाटीवाटीत राहणाऱ्या माणसांना घर लागतं हो, आधी डोक्यावर छप्पर मग नाच. शिवाय मालक मो गेल गोरा होता, मॅनेजर चार्ल्स ब्युकॅनन काळा, तेव्हा हॉल "हार्लेमचा" म्हणताना धंदा कुणाचा होता तेपण बघा ना. आणि नाच काही भिंतींत नसतो. सॅवॉयमधे नाचणाऱ्या फ्रँकी मॅनिंगने पुढे कित्येक वर्षं पोस्टात नोकरी केली आणि १९८० च्या दशकात लिंडी हॉप, म्हणजे तिथला जोडीचा नाच, शिकवायला लागला, हॉल नसतानाच जगभर पसरलं की ते.

लाकडी_फरशी:
पसरलं, पण जन्मलं कुठे? १९३५ च्या सुमारास मॅनिंगने पहिल्यांदा पार्टनरला हवेत उचललं ते आठवा. पाठीला पाठ, हातात हात अडकवलेले, तो वाकला आणि ती त्याच्या पाठीवरून गरकन फिरून समोर बरोब्बर तालावर उतरली. ही करामत एकट्याने खोलीत सुचत नाही, त्याला समोर चिक वेब लागतो, लवचिक मेपलचा फ्लोअर लागतो आणि कडेला गोल करून उभे राहिलेले, तुमच्याहून सरस नाचणारे लोक लागतात.

जुनी_रेकॉर्ड:
घरांचा मुद्दा चूक नाही, पण हॉलवर डोळा आधीपासून होता हे विसरू नका. १९४३ मधे काही महिने टाळं लावलं होतं, कारण दिलं वेश्याव्यवसायाचं, पण काळे-गोरे एकत्र नाचतात हेच खुपतंय असं हार्लेममधे उघड बोललं जायचं.

दोन_खोल्या:
१९४३ चं टाळं अन्यायच होता, तिथे मी तुमच्या बाजूने. पण म्हणून १९५९ मधल्या घरांनाही त्याच पारड्यात टाकू नका, त्या घरांत माणसं राहिली, पोरं वाढली.

लाकडी_फरशी:
राहू देत की. पण त्या जागी सॅवॉयची साधी पाटी लागायला २००२ उजाडलं, तेव्हा मॅनिंग आणि सॅवॉयचीच नर्तकी नॉर्मा मिलर दोघंही तिथे हजर होते. पाटी तरी १९५९ लाच लावता आली असती, तिला कुणाचं घर अडत नव्हतं.