काँक्रीटची कौलं आणि त्यांचं 'इतर सामान': निवडताना काय बघावं?

वळचण (धागालेखक)

मंडळी, आमच्या बैठ्या घरावरचे पत्रे काढून काँक्रीटची कौलं घालायचं ठरवतोय. घर एल आकाराचं आहे, त्यामुळे दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात तिथे एक घळ तयार होते. वळचणीसकट जमिनीवर मोजलं तर साधारण १०० चौरस मीटर भरतं. मोबाइलवर उतार २० अंश दिसला. घरात सगळ्यांना सपाट, स्लेटसारखं दिसणारं राखाडी कौल आवडलंय. विक्रेत्याचं म्हणणं, कुठलंही घ्या, सगळी सारखीच. कोटेशनमध्ये कौलांचा आकडा आहे आणि खाली एका ओळीत 'इतर सामान'. हे इतर सामान म्हणजे नेमकं काय? आणि कौल निवडताना रंगाखेरीज काय बघायचं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

ओळंबा

रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी उतार, मग वजन, मग सामान.

प्रत्येक नमुन्याच्या कौलाला किमान किती उतार लागतो ते त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. नागमोडी पन्हळ असलेली बरीच काँक्रीटची कौलं उतार साडेसतरा अंशांइतका कमी असला तरी चालतात. सपाट कौलांना मात्र बऱ्याचदा साडेबावीस किंवा त्याहून जास्त उतार मागतात. सपाट कौलावर पाणी सगळीकडे पसरतं, नागमोडीवर ते पन्हळीतून पळतं आणि बाजूच्या सांध्यापासून लांब राहतं. तुमचा उतार खरंच २० असेल तर आवडलेलं कौल बाद होण्याची शक्यता मोठी आहे. दोरी आणि लेव्हल घेऊन पुन्हा मोजा.

कमी उतारावर वरचं कौल खालच्यावर जास्त चढवावं लागतं, नाहीतर वारा पाणी उलटं वर ढकलतो. नेहमीचं कौल ४२० मिमी लांब असतं आणि बसल्यावर ३०० मिमी रुंदी झाकतं. ७५ मिमी चढाव ठेवला तर रिपांमधलं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर ३४५ मिमी येतं, १०० ठेवला तर ३२०. ऐकायला हे २५ मिमी किरकोळ वाटतात. पण २० अंशांवर तुमचं प्रत्यक्ष छप्पर १०६ चौरस मीटरच्या आसपास भरेल. पहिल्या हिशेबाने कौलं लागतील साधारण १०२५, दुसऱ्याने ११००. वर फुटतूट आणि कापाकापीसाठी पाच टक्के धरा.

आता वजन. एक कौल साडेचार किलोच्या घरात, म्हणजे एकूण जवळजवळ पाच टन. पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो असतं, कौलांचं पंचेचाळीसच्या वर. पत्र्यांसाठी घातलेल्या सांगाड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एकही कौल चढवू देऊ नका. हे कळकळीने सांगतोय. वाकलेलं आढं नंतर सरळ होत नाही.

पागोळी

वजनाबद्दल ओळंबा यांच्याशी पूर्ण सहमत. मी आढ्याबद्दल, म्हणजे दोन पाखी वर जिथे मिळतात त्या कडेबद्दल लिहिते, कारण आम्ही तिथेच फसलो.

आमच्याकडे आढ्यावरची कौलं नुसत्या सिमेंटच्या मालावर बसवली होती. दुसऱ्या वर्षी माळ्यावर ओल दिसायला लागली. माणूस वर चढला, आढ्यावरच्या एका कौलाला हात लावला आणि ते डब्याच्या झाकणासारखं उचलून आलं. खालचा माल जागच्या जागी होता आणि कौलाची आतली बाजू कोरी. लाकूड ओल-उन्हाने थोडं थोडं हलत राहतं, मालाला ते झेपत नाही. आधी केसाएवढी भेग पडते, मग पकड सुटते.

सगळं आढं उतरवून कोरड्या पद्धतीने पुन्हा बसवून घेतलं. आढ्यावर लाकडी पट्टी, तिच्यावरून दोन्ही पाख्यांना चिकटणारा लवचिक पट्टा, म्हणजे रिज रोल, आणि वरचं प्रत्येक कौल स्क्रू व क्लॅम्पने पक्कं. रोलमधून हवाही खेळते, त्यामुळे खालचं लाकूड कोरडं राहतं. ब्रिटिश मानक बीएस ५५३४ मध्ये २०१४ पासून आढ्यावर नुसता माल चालत नाही, यांत्रिक पकड लागतेच. हे आधी माहीत असतं तर दोनदा खर्च झाला नसता.

ओळंबा

पागोळी यांनी लिहिलेलं फार मोलाचं आहे. चांगलं कौल सहसा गळत नाही, गळतात ते सांधे. म्हणून 'इतर सामान' या ओळीची फोड लेखी मागा: आढ्यावरची आणि कडेची कौलं, रिज रोल, कौलांचे क्लिप, खिळे, कौलांखाली अंथरायचं अंडरले, वळचणीला पक्षी शिरू नयेत म्हणून लागणारी फणी, भिंतीला टेकणाऱ्या जागेचं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावायची पट्टी) आणि घळीचा पन्हळ. आढ्याची व कडेची कौलं त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची घ्या. दुसऱ्याची 'बसवून देतो' म्हणतात आणि उरलेली फट मालाने भरतात.

तुमच्या घरात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे ती घळ. दोन्ही पाख्यांचं पाणी तिथे येतं. पन्हळ अखंड लांबीचा घ्या, जोड द्यावाच लागला तर वरचा तुकडा खालच्यावर भरपूर चढलेला हवा. मधली वाट मोकळी राहू द्या. तिथे माल भरला की पालापाचोळा अडकतो आणि पाणी कडेने आत शिरतं. घळीजवळ कापलेल्या छोट्या तुकड्यांना वेगळे क्लिप लागतात, तेही मोजणीत धरा. कापताना पाणी मारूनच कापायला सांगा, कोरड्या कापण्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.

समुद्र जवळ असेल तर खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

रंगाचं म्हणाल तर प्रत्येक घाण्यात छटा थोडी बदलते. बसवताना तीन-चार पॅलेटमधली कौलं मिसळून घ्या, नाहीतर छपरावर पट्टे दिसतात. नव्या कौलांवर पांढरी झाक आली तर घाबरू नका, सिमेंटमधला चुना वर येतो आणि पावसाने हळूहळू जातो.

वळचण (धागालेखक)

दोघांचे मनापासून आभार. आज दोरी लावून मोजलं. एक मीटर आडव्याला ३८ सेंमी चढ आहे, म्हणजे २१ अंशांच्या आतच. सपाट कौल बाद, नागमोडी घेतो. राखाडीतच मिळतंय, त्यामुळे घरचेही तयार झालेत. एक शंका: आमचे वासे मीटर-मीटर अंतरावर आहेत. ५० बाय २५ च्या रिपा चालतील का?

ओळंबा

नाही. त्या मापाच्या रिपा ६०० मिमी अंतरावरच्या वाशांपर्यंत ठीक. मीटरभर अंतरावर त्या कौलांखाली झोल खातील. मध्ये वासे वाढवायचे की जाड रिपा घालायच्या हे इंजिनिअरलाच ठरवू द्या, वजनाचा हिशेब त्यालाच करायचाय. आणि वळचणीची सगळ्यात खालची रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीएवढी उंच घ्यायला सुताराला आठवणीने सांगा. पहिल्या ओळीखाली दुसरं कौल नसतं, त्यामुळे ती उंची दिली नाही तर ती ओळ खाली झुकते आणि तिच्यावरची ओळ नीट टेकत नाही.