सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचे प्रयत्न) चालू असताना घरच्यांना आत थांबू द्यावं की नाही?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना मुद्दाम विचारतोय. चतुर्थीनंतर आमचे बाबा गेले. कॅज्युअल्टीत मॉनिटर लावला आणि थोड्या वेळातच "सगळे बाहेर व्हा" म्हणून पडदा ओढला, तो नंतर उघडला ते सगळं आटोपल्यावरच. काकी घरून गंगेची बाटली नि तुळशीचं पान घेऊन धावत आली होती, ते आईच्या हातातच राहिलं. हलगर्जीपणा झाला असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण आईचं एकच चाललंय, "शेवटी त्यांच्याजवळ आपलं कोण नव्हतं". भाऊ म्हणतो बघितलं नाही तेच बरं झालं. मला वाटतं निदान विचारायला तरी हवं होतं. तुमचं काय मत?

नाइट_ड्युटी:
बाबांबद्दल ऐकून वाईट वाटलं. मी कॅज्युअल्टीतच असतो आणि माझं मत नको असंच आहे. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटिमीटर खोल दाबावी लागते, वयस्कर माणसाच्या बरगड्या मोडतात, कपडे कापतात, उलटी होते, आणि ज्याला काही ठाऊक नाही त्याला वाटतं आमच्या माणसाला मारतायत. त्यात आपल्याकडे पेशंटबरोबर अख्खा वाडा येतो. एकाला आत घेतलं की दुसरा का नको म्हणून वाद, मग हात उगारेपर्यंत मजल जाते. एक जण दाबतोय, एक श्वासाची पिशवी धरून आहे, एक इंजेक्शन भरतोय, त्यात मागे कोणी हंबरडा फोडला तर ज्युनियरचे हात थरथरतात हो.

डिचोलीची_सिस्टर:
डॉक्टर, गर्दीचं पटतं, पण त्यासाठी दार सगळ्यांनाच बंद का? 1982 मध्ये मिशिगनच्या फूट हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांनी आत थांबायचा हट्ट धरला तिथून हा विचार सुरू झाला. 2013 मध्ये फ्रान्सचा मोठा अभ्यास आला, 570 नातेवाईक होते. ज्यांना "थांबणार का?" असं आवर्जून विचारलं त्यांच्यात 90 दिवसांनी मानसिक धक्क्याची लक्षणं कमी होती, आणि पेशंट वाचण्यात किंवा टीमवरच्या ताणात फरक पडला नाही. पण ते सगळं पेशंटच्या घरी, ॲम्ब्युलन्सच्या टीमबरोबर झालं, आपल्या भरलेल्या कॅज्युअल्टीत नाही, हेही सांगायला हवं. आणि तिथे टीममधला एक माणूस फक्त नातेवाइकाला समजावण्यासाठी असायचा, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. असं माणूस न देता कोणाला आत उभं करणं म्हणजे छळच आहे, आणि रात्री आम्ही सिस्टर असतो किती, तो माणूस आणायचा कुठून?

फोंडेकर भाऊ, तोंडात नळी असताना पाणी घालता येत नाही, फुप्फुसात जातं. पण सीपीआर थांबवायचं ठरल्यावर मी घरच्या एकाला बोलावते, बोट गंगेत बुडवून ओठांना लावायला सांगते, पान उशाशी ठेवू देते. त्याला कितीसा वेळ लागतो!

पेडण्याची_सून:
सासूबाईंच्या वेळी मी आतच होते, गडबडीत कोणी बाहेर काढलंच नाही. बघवत नव्हतं हे खरं, तो बरगडीचा आवाज अजून कानात आहे, आणि समजावून सांगायला कोणीच नव्हतं. तरी परत वेळ आली तर मी आतच थांबेन. नवरा बोटीवर, तो फोनवर परत परत विचारायचा, खरंच प्रयत्न केले का गं, आणि मी त्याला सगळं सांगू शकले, कोण दाबत होतं, शॉक कधी दिला, डॉक्टरच्या कपाळावरून कसा घाम गळत होता ते. नुसतं "सॉरी, वाचवू शकलो नाही" एवढंच मी त्याला कसं सांगितलं असतं?

नाइट_ड्युटी:
सिस्टर म्हणतात तसं एकच माणूस आणि सोबत आमचं कोणीतरी, एवढं असेल तर माझी हरकत कमी होईल. पण ती सोय आधी, मग परवानगी.

फोंडेकर:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, मामा सध्या आयसीयूत आहेत, मामीला जवळ राहायचंय. आधी सांगून ठेवता येतं का?

डिचोलीची_सिस्टर:
येतं, आजच सांगा, ऐन वेळी कोणाला ऐकायला फुरसत नसते. ड्युटीवरच्या डॉक्टरांशी मामींनाच बोलू दे आणि सिस्टरना पेपरवर लिहून ठेवायला सांगा. मामींना आधी समजावा की आत काय काय दिसेल, हात धरायला मिळेलच असं नाही, कदाचित पायाशी उभं राहावं लागेल, आणि सहन झालं नाही तर मध्येच बाहेर यायला काहीच हरकत नाही. दारात एक जण थांबा म्हणजे झालं.