व्लादिमीर विसोत्स्कीची तीन लग्नं, कुणाला नीट माहिती आहे का?

खिडकीतली_मैना:
परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब चाळत होते तर एका रशियन माणसाचं गाणं लागलं, आवाज इतका खरखरीत की वाटलं आता गळा फाटतो याचा, हातात फक्त गिटार. भाषेचं एक अक्षर कळत नाही तरी चारदा ऐकलं. शोधलं तर सगळीकडे फ्रेंच नटी मारीना व्लादीशी केलेल्या लग्नाचंच कौतुक. पण ते म्हणे तिसरं! मग पहिल्या दोघी कोण? आणि त्या काळात मॉस्कोचा माणूस पॅरिसच्या बाईशी संसार करायचा तरी कसा?

सातारी_बाणा:
जन्म १९३८, मॉस्को. आधी इंजिनिअरिंगला गेला, काही महिन्यांत सोडलं आणि नाटकाच्या शाळेत शिरला. तिथेच इझा झुकोवा भेटली, १९६० ला लग्न, पण ते टिकलं नाही. मग ल्युद्मिला अब्रामोवा, तीही नटीच. अर्कादी आणि निकिता ही दोन्ही मुलं तिची, १९६२ आणि ६४ ची, पण इझाशी कागदोपत्री घटस्फोट व्हायला वेळ लागला म्हणून ल्युद्मिलाशी लग्न नोंदलं गेलं १९६५ ला, मुलं झाल्यावर. मारीनाशी डिसेंबर १९७० मध्ये.

रानडेची_रशियन:
ताई, मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकले, तिथेच याचं वेड लागलं. मारीना १९६७ ला फिल्म फेस्टिव्हलसाठी मॉस्कोला आली आणि हा जिथे नट होता त्या तागान्का थिएटरमध्ये तिला दिसला. तिचे वडील मूळचे रशियन, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती, अडचण व्हिसाची. याला फ्रान्सला जायची परवानगी मिळाली थेट १९७३ ला, म्हणजे लग्नानंतर दोन वर्षांनी. तोपर्यंत तीच येजा करायची, नाहीतर फोन.

आपल्या आईवडिलांना ट्रंक कॉल आठवत असेल बघा, नंबर बुक करा आणि तासन्‌तास फोनजवळ बसून राहा. तिकडे त्यासाठी ०७ फिरवायचे. त्यावर ‘०७’ याच नावाचं त्याचं गाणं आहे. मध्यरात्री ऑपरेटर बाईला विनवतोय, नाव विचारतो, ती म्हणते तोमा, आणि अंतर क्षणभर मिटवणारी ही ऑपरेटर त्याला मॅडोनाच वाटायला लागते. मला हे गाणं त्यांच्या लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातं.

सातारी_बाणा:
पटलं. पण ल्युद्मिलाला सगळे एका ओळीत उरकतात ते मला सहन होत नाही. १९६४ ला तो तागान्कात लागला तेव्हा दुसरं मूल नुकतंच व्हायचं होतं किंवा झालं होतं, पैसा नाही, वर दारू. ती सुरुवातीची गाणी घरात सगळ्यात आधी तिने ऐकली. सरकारी कंपनीने त्याच्या जेमतेम काही छोट्या रेकॉर्ड काढल्या, बाकी सहाशेच्या वर गाणी पसरली ती लोकांनी टेपवरून टेपवर कॉपी करून.

खिडकीतली_मैना:
दारूबद्दल वाचलं मी, वाईट वाटलं फार. मारीनाने सोडवायचा प्रयत्न नाही केला का?

रानडेची_रशियन:
केला की, पुन्हा पुन्हा केला. शेवटी शेवटी ड्रग्जही आले. २५ जुलै १९८० ला गेला, फक्त ४२ वर्षांचा. मॉस्कोत ऑलिंपिक चालू होतं, पेपरात नावापुरती बातमी, तरी तागान्काबाहेर हजारोंची गर्दी उसळली. २७ ला हॅम्लेटचा प्रयोग लागलेला होता, तो रद्द झाला, पण तिकिटाचे पैसे परत मागायला लोक आलेच नाहीत असं सांगतात.

त्याच्या हॅम्लेटचे फोटो बघाच. काळा स्वेटर, हातात गिटार, आणि मागे लोकरीचा भलामोठा विणलेला पडदा, जो स्टेजभर फिरायचा आणि माणसांना अक्षरशः ढकलून न्यायचा. सुरुवातीलाच तो रशियन कवी पास्तरनाकची कविता गायचा, ती तेव्हा तिकडे छापायलाही बंदी होती.

खिडकीतली_मैना:
आज रात्री ०७ ऐकते. कुठलं रेकॉर्डिंग घेऊ?

रानडेची_रशियन:
स्टुडिओतलं चकचकीत नको. नुसती गिटार असलेलं, मागे टेपची खरखर येते ते घे. कडवं संपता संपता तो र आणि ल कसा ओढत नेतो तिकडे कान ठेव.