लीग चालवते कोण, आणि जबाबदार कोण?

फातोर्डावासी: मी गोव्यातील फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर नियमित फुटबॉल सामने पाहतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीग यांच्यातील वादांचे मूळ नेमके कशात आहे, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का?

पणजीकर: मूळ 2010 च्या करारात आहे. महासंघाने व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्स या खासगी कंपनीला पंधरा वर्षांसाठी सुमारे 700 कोटी रुपयांना दिले. त्यामुळे 2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हा नियम महासंघाचे आणि तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे, अशी स्थिती होती. त्यात निवडणुका रखडल्या, सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये प्रशासकीय समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये फिफाने बाह्य हस्तक्षेपाचे कारण देऊन महासंघाला निलंबित केले. अकरा दिवसांतच बंदी उठली, हे नशीब.

म्हापशेकार: पणजीकर, आपण आपल्या गोव्याच्या क्लबांना विसरलात. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी सुपर लीगला वरचे स्थान देणाऱ्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन आय-लीग ही महासंघाची जुनी राष्ट्रीय लीग सोडली. 2025 मध्ये त्याच आय-लीगमध्ये गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला 40 गुणांवर विजेते घोषित करून करंडकही दिला आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने इंटर काशी या क्लबाला विजेता ठरवले. मुळात वाद एका सामन्यात अपात्र खेळाडू उतरवल्याचा होता. महासंघाची शिस्तपालन समिती एक म्हणते, अपील समिती दुसरे, आणि गुणतक्ता मात्र स्वित्झर्लंडमध्ये ठरतो!

फातोर्डावासी: आभार. म्हणजे करंडक मैदानावर कमी आणि फायलींत जास्त फिरला.