स्टॅलिनला सोसायटीत आणलं कुणी?

(कोल्हापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद)

कुलकर्णी काका (अ-२०३): गणपतीची वर्गणी अजून काही घरांची यायची आहे. अथर्व, तुझीही राहिली.

अथर्व (ब-४०१): काका, जेवणाचे आणि मुलांच्या स्पर्धांचे देतो. पूजेच्या खर्चात मला धरू नका, मी मानत नाही हे तुम्हाला माहितीये.

सुतार (अ-१०४): *फॉरवर्ड* नास्तिकांनी विसाव्या शतकात सगळ्या धर्मांपेक्षा जास्त माणसं मारली. रशियाचा स्टॅलिन, चीनचा माओ, कंबोडियाचा पोल पॉट. सगळे नास्तिक! पुढे पाठवा.

अथर्व: वर्गणी दिली नाही म्हणून थेट पोल पॉट?

सुतार: तुला न्हाई म्हटलं रे भावा. पण त्यात खोटं काय हाय ते सांग की.

पाटील मॅडम (ब-२०२): खोटं नाही, अर्धवट आहे. स्टॅलिनच्या राज्यात देवाविरुद्ध संघटना होती, १९३१ साली मॉस्कोचं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं, पाद्री मारले. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी कागदांप्रमाणेच सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना गोळ्या घातल्या. पण १९३६ ते ३८ मध्ये कोण कोण मारलं गेलं तेही बघा. झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन, सगळे लेनिनचे जुने सहकारी आणि पक्के नास्तिक. देव न मानल्यामुळे ते वाचले नाहीत. पुढे १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, याच स्टॅलिनने चर्चच्या धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावलं आणि मुख्य धर्मगुरू निवडायची परवानगी दिली. लोकांनी लढायला हवं होतं ना! त्याचं वैर देवाशी होतं की त्याच्या हुकमाबाहेर जे जे उभं होतं त्याच्याशी, हे तुम्हीच ठरवा.

कुलकर्णी काका: मॅडम, तुमचं वाचन दांडगं, पण वरून कुणीतरी बघतोय ही भीती गेली की माणूस सुटतो. आम्ही आषाढीला विठ्ठलाच्या दर्शनाला नंदवाळला चालत जातो. एवढी गर्दी, कुणाचा धक्का लागला तर 'माउली' म्हणत पाया पडतात. हे कायद्याने जमेल?

अथर्व: काका, चेक प्रजासत्ताकात निम्म्याहून जास्त लोक कुठलाच धर्म सांगत नाहीत. तिथं खुनाचं प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास. ब्राझील बघा, बहुतेक लोक ख्रिश्चन, तरी वीसच्या आसपास.

देसाई (ब-३०३): हा हिशेब मला पटला नाही. ब्राझीलमध्ये टोळ्या आहेत, अमली पदार्थ आहेत, पिस्तुलं आहेत, गरीब-श्रीमंतात केवढी दरी. तिथले खून चर्चमुळे होत नाहीत. तसंच चेकवाले नास्तिक आहेत म्हणून शांत, हेही सिद्ध होत नाही.

अथर्व: बरं, ते सोडा. भीतीचं म्हणाल तर २०१५ साली आपल्याच गावात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या. सकाळी फिरून येत होते, बरोबर बायको होती.

पाटील मॅडम: दुःख आहेच. पण कुणी केलं ते कोर्ट ठरवेल, ग्रुपवर कुणालाही आरोपी करायचं नाही.

मुल्ला सर (ब-१०२): रवांडाबद्दल कुणीच बोललं नाही. १९९४. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज, दोघांची भाषा एक, बहुतेक सगळे ख्रिश्चन. शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली. न्यांगे नावाच्या गावात लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले, तर ते चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडलं. आणि तिथलाच पाद्री पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोषी ठरला! तिथं रेडिओवरून तुत्सींना रोज 'झुरळं' म्हणायचे. आता रेडिओची गरज राहिलेली नाही.

सुतार: सर, टोमणा कळला 🙏

मुल्ला सर: तुम्हाला नाही हो. जून २०२३ आठवला. स्टेटसवरून दंगा, दगडफेक, मग नेट बंद. नेट बंद झाल्यावर मला बरंच वाटलं. त्या रात्री आपल्या गेटवर कोण कोण बसलं होतं ते लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

सुतार: त्यात काय एवढं. बसायच्या आधी काय देवाला विचारायला गेलो न्हवतो.

शिंदे वहिनी (अ-३०१): आमचे आजोबा ऐकतायत सगळं. त्यांचा व्हॉइस मेसेज आलाय, मी लिहून टाकते. ते म्हणतात, गांधीजींचा खून झाला तेव्हा कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जाळली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला. ते लहान होते, धूर बघितलाय. जाळणारे अंबाबाईला जायचे आणि ज्यांची घरं जळली तेही तिथंच जायचे. 'यात नास्तिक कोण ते मला दाखवा' म्हणतायत.

कुलकर्णी काका: आमच्या आजोळचं घर तेव्हाच गेलं. आई त्यावर कधी बोलली नाही.

कुलकर्णी काका: बोलत नव्हती म्हणून मीही विषय काढत नाही.

देसाई: काका, माहीत नव्हतं.

सुतार: आणि माओचं काय मॅडम? तेवढं सांगा, मग झोपतो.

पाटील मॅडम: माओच्या काळात लाखो माणसं भुकेने मेली. कोट्यवधी म्हणायला हवं. १९५८ नंतर गावोगावच्या अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना खूश करायला पीक फुगवून सांगितलं आणि त्या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं. कोठारं भरली, घरातल्या चुली विझल्या. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआईंनी माओला पत्र लिहून हे चुकतंय म्हणून सांगितलं, तर त्यांचंच पद गेलं. मग कोण बोलणार? धान्य उचलताना कोण देव मानतो याची चौकशी नव्हती.

कुलकर्णी काका: तुमच्या उदाहरणांना माझ्याकडे उत्तर नाही. तरी भीती हवीच, हे माझं मत कायम.

अथर्व: काका, १९४८ साली अंबाबाईला जाणाऱ्यांना ती नव्हती?

कुलकर्णी काका: होती रे. गर्दीत शिरल्यावर राहिली नाही. नंदवाळच्या वाटेवर मात्र गर्दीतसुद्धा राहते, याचं कारण तू सांग.

अथर्व: तिथं कुणी कुणाचं नाव घेऊन ओरडत नाही म्हणून असेल. विचार करतो.

सुतार: मॅडम, हे सगळं आमच्या गावच्या ग्रुपवर टाकू का? तिथं लई जोरात चाललंय.

पाटील मॅडम: माझं टाका. आजोबांचा मेसेज मात्र त्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. आणि काकांच्या आईंबद्दलचं तर अजिबात नको.