'६६ टक्के पॉसिबल हेट'ला मराठीत काय म्हणावं?

सांखळीकर: भाच्याच्या छंदावर पुरवणीला लेख लिहितोय. तो इंग्लंडात स्विंडनला असतो, कॉर्न स्नेक जातीचे साप पाळतो. एका डब्यावर चिठ्ठी आहे, '६६ टक्के पॉसिबल हेट अ‍ॅमेल'. आतलं पिल्लू चारचौघांसारखं, राखी अंगावर विटकरी चट्टे. पण 'अ‍ॅमेल', म्हणजे काळं रंगद्रव्यच नसलेली, लाल डोळ्यांची पिल्लं पुढं त्याला होऊ शकतात म्हणे. 'हेट' म्हणजे गुण अंगावर दिसत नाही, पण आत असतो; त्याला पाठ्यपुस्तकी शब्द 'विषमयुग्मजी'. तो वाचून आमची मंडळी पान उलटतात. 'वाहक' चालेल?

फोंड्याची सून: 'वाहक' नको हो. थॅलेसेमियाच्या तपासणीत ऐकलाय, दवाखान्याचा वास येतो. आमच्या आजेसासूबाई बांड्या वासराकडं बघून म्हणायच्या, 'गाईच्या अंगावर नव्हतं, रक्तात होतं.' 'रक्तातला' घ्या की.

जुना मास्तर: रक्ताचा संबंध काय? जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल, म्हणून 'विषम'. नेमका शब्द आहे, तो वापरायला लाज कसली?

म्हापशेकर: 'सुप्त' म्हणा. गुणसूत्रात दडलेला.

जुना मास्तर: गुणसूत्र नव्हे, जनुक!

सांखळीकर: सुप्त साप म्हटलं तर लोकांना वाटेल थंडीत झोपलाय. आणि माझं खरं घोडं अडलंय ते '६६ टक्के पॉसिबल'वर. आईबाप दोघंही हेट असले, तर साध्या दिसणाऱ्या पिल्लांत सरासरी तिनांतली दोन हेट. पण हे एक पिल्लू काही ६६ टक्के हेट नाही. ते आहे तरी किंवा नाही तरी. पूर्वी लाल डोळ्यांच्या जोडीदाराशी जुळवायचे. एक जरी लाल डोळ्यांचं पिल्लू निघालं की खात्री. न निघालं तर पुन्हा पुढच्या अंड्यांची वाट बघा. आता कातेचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात.

फोंड्याची सून: मग मराठीत 'असावा' आहे ना! 'रक्तात असावा.'

जुना मास्तर: 'असावा'त ६६ आणि ५० एकाच मापानं जातात, वहिनी. 'तिनांत दोन वेळा विषमयुग्मजी' लिहा.

म्हापशेकर: रंगावरनं आठवलं. मानकुराद म्हणजे पोर्तुगीज 'मालकोरादा', वाईट रंगाचा.

फोंड्याची सून: काहीतरीच! मानाचा आंबा तो, म्हणून 'मान'.

जुना मास्तर: आणि 'कुराद' कुठनं आणलंत? म्हापशेकर बरोबर सांगतायत.

फोंड्याची सून: आंबा आमचा आणि नाव ठेवणार ते?

सांखळीकर: मंडळी, लेख उद्या द्यायचाय.

म्हापशेकर: द्या हो. वहिनी, फोंड्याला डझन कितीला पडला यंदा?