सॉना सगळ्यांचा, मग इनिपी का नाही?

रानवाट

फिनलंडचा सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत घाम काढायची खोली, आज जगभरच्या हॉटेलांत आणि जिममध्ये पोचलाय. फिन लोकांना त्याचं कौतुकच आहे. २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्यांनी स्वतःच तो नेऊन बसवला. जेमतेम ५५ लाखांचा देश आणि सॉना तीसेक लाख, त्यांना कसली टंचाई! परदेशी सॉनात 'दगडांवर पाणी ओतू नये' अशी पाटी दिसली की नाक मुरडतात, तेवढंच.

उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या इनिपीचं, म्हणजे घाम काढायच्या पवित्र विधीचं, तसं नाही. विलो झाडाच्या फांद्या वाकवून केलेला बुटका घुमट, त्यावर पूर्वी कातडी आणि आता ब्लँकेटं किंवा कॅनव्हास. बाहेर आगीत तापवलेले दगड आतल्या खड्ड्यात आणायचे, दार लावायचं, मग मिट्ट काळोखात पाणी, गाणी, प्रार्थना. साधारण चार फेऱ्या, आणि दर फेरीनंतर दार उघडायचं. अमेरिकी सरकारच्या १८८३च्या नियमावलीने सूर्यनृत्य आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरवले, तेव्हा इनिपीही लपूनछपून करावी लागली. मूळनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा यायला १९७८ उजाडलं. आणि पुढे तोच विधी अध्यात्माची शिबिरं भरवणाऱ्यांनी विकायला काढला! १९९३मध्ये लाकोटांनी आपल्या अध्यात्माचा धंदा करणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा काढला आणि त्याला थेट 'युद्धाची घोषणा' म्हटलं. याहून स्पष्ट नकार कसा द्यायचा असतो?

तरी ऑक्टोबर २००९मध्ये अॅरिझोनातल्या सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे या स्वयंविकास-गुरूने माणशी नऊ हजारांहून जास्त डॉलर घेऊन पन्नासाच्या वर माणसं एकाच झोपडीत बसवली. तिघं गेली. २०११मध्ये त्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली.

माझं म्हणणं इतकंच, की ज्यांनी दार उघडं ठेवलंय तिथे खुशाल जा. ज्यांनी नाही म्हटलंय तिथे पैसे फेकून शिरणं ही घुसखोरी आहे.

कोरडा_पाषाण

साफ अमान्य. तापलेला दगड आणि पाणी यांची मालकी कोणाकडे, हे आधी सांगा. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने शकांबद्दल लिहून ठेवलंय: तंबूत लालभडक दगड ठेवायचे, त्यावर भांगेच्या बिया टाकायच्या आणि धुरात आरोळ्या ठोकायच्या. एल साल्वादोरमध्ये होया दे सेरेन हे गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं, तिथे सुमारे १४०० वर्षांपूर्वीचं घुमटाचं स्वेदगृह सापडलं. आयर्लंडमध्ये संधिवातावर उपाय म्हणून शेतकरी दगडी खोपटांत जाऊन घाम काढत. यातल्या कोणी कोणाची परवानगी घेतली होती?

सेडोनाची तिघं उष्माघाताने गेली, संस्कृतीचोरीने नाही. फिनलंडात हेइनोलाला सॉनात टिकून बसण्याची 'जागतिक स्पर्धा' व्हायची. तापमान ११० अंश, दर ३० सेकंदांनी दगडांवर पाणी. २०१०च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक मेला, दुसरा गंभीर भाजला. तिथे तर परंपरा अस्सल होती, यजमान घरचे होते! शरीराला वारसाहक्क कळत नाही.

रानवाट

हेइनोलाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सॉनाची रीत म्हणजे सोसेल तितकं बसायचं, नको वाटलं की उठायचं, कोणी कोणाला हसत नाही. स्पर्धेने नेमकी तीच रीत उलटी केली: उठला तो हरला. सेडोनातही बाहेर पडू पाहणाऱ्यांना 'अजून थांबा' असा आग्रह झाल्याच्या साक्षी खटल्यात झाल्या. म्हणजे माणसं गेली ती रीत सोडली तिथे.

काढा_आणि_वाफ

रीत म्हणजे काय याचा एक नमुना देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १४वा अध्याय पूर्ण स्वेदावर, म्हणजे घाम काढायच्या उपचारावर आहे. तेरा प्रकार सांगितलेत, त्यांतला जेन्ताक म्हणजे चक्क सॉना: गोल खोली, मध्ये भट्टी आणि भिंतीलगत दारापर्यंत सलग गेलेला कट्टा. रोग्याला बजावून सांगायचं, की घामाने मूर्च्छा येतेय असं वाटलं तरी जिवात जीव असेपर्यंत कट्टा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जिवाला मुकशील. म्हणजे वाफेत माणूस भांबावतो आणि दार दोन हातांवर असून दिसत नाही, हे माहीत असलेल्या कोणीतरी तो कट्टा तसा आखलाय.

स्वेद कोणाला देऊ नये याचीही यादी आहे: गर्भिणी, मद्य प्यायलेला, दमलेला, तहानेला, भुकेला, अगदी रागावलेला आणि शोकात असलेलासुद्धा. सेडोनाच्या लोकांचा वाळवंटातला ३६ तासांचा निर्जळ उपास सुटून काही तासच झाले होते. घामाने शरीर थंड होतं ते घाम सुकला तर. दाटीवाटीच्या वाफेत तो सुकत नाही, नुसता निथळतो, आणि आतलं पाणी मात्र संपत जातं.

चिमटा

परंपरेचा फारच उमाळा आलाय सगळ्यांना. बऱ्याच इनिपींत पाळीच्या दिवसांत बाईला प्रवेश नाही, तेही 'शहाणपण' का? आणि 'लाकोटा म्हणतात' म्हणजे नेमके कोण? १९९३चा जाहीरनामा खरा, पण बाहेरच्यांना आत बसवणारे, शिकवणारे लाकोटा वडीलधारेही होतेच. २००३मध्ये तिथले एक धर्मप्रमुख आर्व्हल लुकिंग हॉर्स यांनी पवित्र विधींत बाहेरच्यांना बंदी करा म्हटलं, तेव्हा लाकोटांमधूनच विरोध झाला. आतले भांडत असताना आपण बाहेरून एका बाजूचे वकील कशाला व्हायचं?

उंबरठा

मेक्सिकोचं तेमास्कल, म्हणजे तिथलं स्वेदगृह, कोणीच चर्चेत आणलं नाही का? बाळंतिणीला सुईण तिथे न्यायची. काही गावांत अजून नेतात. स्पॅनिश पाद्र्यांना स्त्रीपुरुष एकत्र अंघोळ करतात याचाच जास्त त्रास होता, शिवाय दारावर आजीदेवीची मूर्ती. आता मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातली कुटुंबं स्वतःचं तेमास्कल पर्यटकांना दाखवून चार पैसे मिळवतात, आणि किनाऱ्यावरची बडी हॉटेलं कवड्यांच्या माळा घातलेला कोणीतरी उभा करून तेच दसपट दराने विकतात. पैसा घेणं हेच पाप धरलं तर आधी त्या कुटुंबांच्या पोटावर पाय येईल. रानवाट, तुमचा नियम इथे अडखळतो.

कोरडा_पाषाण

मी तेच सांगतोय. उपयोगाचं बोला. पूर्व फिनलंडातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष छापले गेले: आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदयविकाराने होणारे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी. (मुळात धडधाकट माणूसच रोज सॉनात जात असेल, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि 'घामातून विषं निघतात' हे तर थोतांडच, ते काम यकृत आणि मूत्रपिंडाचं.) फायदा असेल तर तो उष्णतेचा आहे. मंत्र, घुमट, चार फेऱ्या वगळा, काही बिघडत नाही.

रानवाट

मग वगळा ना! जिममधला सॉना घ्या, लाकोटा त्याला हरकत घेत नाहीत. पण शिबिरवाले नेमकं तेच वगळत नाहीत. नऊ हजार डॉलर कोणी ९० अंशांसाठी मोजत नाही. विकत घेतली जाते ती काळोखातली प्रार्थना, तो विधी, 'प्राचीन' हा शिक्का. वाफ कोणाची नाही हे शंभर टक्के मान्य. वाद वाफेचा नाहीच.

उंबरठा, वाहाकाच्या कुटुंबांना माझा विरोध नाही. ते आपल्या घरात पाहुणा घेतात, दर त्यांनी ठरवायचा. लाकोटांतले कित्येक जण इनिपीसाठी पैसे घेणंच गैर मानतात, पाहुणा भेट म्हणून तंबाखू घेऊन येतो. हा फरक यजमानाने ठरवलाय, मी नाही.

चिमटा

आणि यजमानांत एकमत नसेल तेव्हा? एका वडीलधाऱ्याने बोलावलं, दुसऱ्याने हाकललं. बोलावलेल्या माणसाने जायचं की नाही? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

रानवाट

जायचं. बोलावणाऱ्याच्या शब्दावर, त्याच्याच झोपडीत, आणि तो उठ म्हणेल तेव्हा उठायचं. परत येऊन स्वतःची झोपडी टाकून तिकीट लावायचं नाही.

काढा_आणि_वाफ

आणि जाताना पोटभर पाणी पिऊन जा. दार कुठल्या बाजूला आहे ते बसण्याआधी बघून ठेवा.